नान्नजचा माळ आणि एक अंडे

माझे अब्बा एस.टी.त कंडक्टर होते. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे सोलापूर-बार्शी मार्गावर गेली. आम्ही लहान असताना ते रात्री ड्यूटीवरून परतले की टोपी खुंटीला अडकवायच्या आधीच कधी कधी म्हणत, "आज देखा." काय देखा, हे कोणी विचारत नसे. नान्नजच्या आसपास बसच्या खिडकीतून माळढोक दिसला, की त्या दिवशी अब्बांचा चेहरा खुललेला असे.

"शाळा सुरू असताना हेडमास्तर हात पाठीमागे बांधून व्हरांड्यातून फिरतात ना, तसा चालतो. घाई नाही, गडबड नाही. मान ताठ." हे वर्णन मी शंभर वेळा तरी ऐकले असेल. आमचे दादाजान याच पक्ष्याला तुगदार म्हणत. पुढे मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवू लागले, तेव्हा या एका पक्ष्याची आणखी नावे गोळा केली. विदर्भात त्याला हूम म्हणतात, राजस्थानात गोडावण. नावे जमली, पण पक्षी मी कधी पाहिला नव्हता. सोलापुरात जन्म गेला आणि नान्नज अवघे वीस-बावीस किलोमीटर, तरी "जाऊ कधीतरी" यातच चाळिशी उलटली.

या वर्षी अब्बांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. ते आता शहात्तर वर्षांचे आहेत. दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली आणि डॉक्टरांनी विचारले, "चाचा, आता काय काय बघणार?" आम्हाला वाटले, नातवंडांची नावे घेतील. अब्बा म्हणाले, "एक बार नान्नज जाना है."

जुलैच्या पहिल्या रविवारी आम्ही निघालो. अब्बा, मी, मुलांचे वडील, आठवीतली मुलगी आणि चौथीतला धाकटा. अम्मींनी पहाटे उठून डबा भरून दिला होता. कडक भाकरी, शेंगाची चटणी, उकडलेली अंडी. जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले होते. शहराची घरे मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागा लागल्या. नान्नज हे द्राक्षांचे गाव. सोनाका नावाचे प्रसिद्ध वाण इथल्याच नानासाहेब काळे या शेतकऱ्याने शोधलेले. अब्बा मात्र खिडकीला नाक लावून पुटपुटत होते, "इथं ज्वारी होती. इथं करडई होती. इथं काहीच नव्हतं."

ते "काहीच नव्हतं" म्हणत होते ती जागा म्हणजेच माळ. ती पाहायलाच आम्ही चाललो होतो.

वनखात्याच्या चौकीपाशी गाडी थांबवली. तिथला वनरक्षक जवळच्याच गावचा तरुण होता. अब्बांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "माळढोक दिसेल का?" तो खोटे बोलला नाही. म्हणाला, "बाबा, आता माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. पण माळ दाखवतो, चला."

वाचकहो, माळ म्हणजे उजाड रान असे ज्यांना वाटते त्यांनी जुलैत एकदा नान्नजला जावे. लाटांसारखी हलके चढत-उतरत गेलेली जमीन, खाली मुरूम, वर घोट्याएवढे कोवळे गवत. मधूनच एखादे हिवराचे झाड, तरवडाची झुडपे, एखादी बोर. नजर कुठेही अडत नाही. आम्ही वीस पावले चाललो असू, तेवढ्यात काळविटांचा कळप उभा राहिला. पिळाच्या शिंगांचा एक काळा नर आणि मागे तपकिरी माद्या. धाकट्याने माझा हात घट्ट धरला. चंडोल वर उडत उडत गात होता आणि गाता गाताच खाली येत होता. अब्बा नव्या डोळ्यांनी सगळीकडे पाहत होते.

वनरक्षकाने आम्हाला सावलीत बसवले आणि माळढोकाचा संसार सांगितला. पुढे मी वाचलेलेही त्यात मिळवून लिहिते.

माळढोक हा जमिनीवरचा पक्षी. त्याला उडता येते, चांगले दूरवर उडतो, पण आयुष्य जमिनीवरच काढतो. त्याच्या पायाला मागचे बोट नसते. फांदी धरायला तेच बोट लागते, म्हणून माळढोकाला झाडावर बसताच येत नाही. खाणे, झोपणे, अंडे घालणे, पिल्लू वाढवणे, सगळे उघड्या जमिनीवर. नर उभा राहिला की सुमारे मीटरभर उंच. वजन बारा-चौदा किलोपर्यंत जाते. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी हा एक आहे. डोक्यावर काळी टोपी, पांढरी मान, छातीवर काळा पट्टा. मादी लहान, नराच्या निम्म्या वजनाची. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, शेतातले दाणे, शेंगा, जे मिळेल ते खातो. पिकावरचे किडे वेचणारा हा शेतकऱ्याचा जुना सोबती.

पाऊस पडला, गवत उगवले, किडे वाढले, की त्यांचा विणीचा हंगाम सुरू होतो. नर एखाद्या उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो. ती पांढरी पिशवी पायांपर्यंत लोंबते, शेपटी पाठीवर उलटी उभी राहते आणि घशातून खोल घुमणारा "हूम" असा आवाज येतो. शांत पहाटे तो अर्धा किलोमीटर दूर ऐकू जातो. विदर्भातले नाव त्या आवाजावरूनच पडले. माद्या येतात, जोडी जमते आणि नराचे काम तिथेच संपते. पुढचे सगळे आईचे.

ती घरटे बांधत नाही. काडी नाही, कापूस नाही. उघड्या जमिनीवरच एखादा किंचित खोलगट भाग बघते आणि तिथे अंडे घालते. बहुतेक वेळा एकच अंडे. रंग मातकट हिरवट-तपकिरी, त्यावर गडद ठिपके. ते मुरमात असे मिसळते की चार पावलांवरूनही दिसू नये. जवळपास चार आठवडे ती एकटीच ते उबवते. गाय, बकरी किंवा काळवीट चरत चरत अंड्याच्या रोखाने आले तर ती उठून पंख आणि शेपटी पसरून समोर उभी राहते. खोकड, मुंगूस, घोरपड, कुत्रा, कावळा, सगळ्यांना ते एक अंडे हवे असते. पिल्लू बाहेर आले की थोड्याच वेळात आईमागे चालू लागते आणि पुढच्या हंगामापर्यंतही तिच्यासोबत राहते. ते स्वतः वीण करण्याजोगे व्हायला आणखी दोन-चार वर्षे जातात.

"एकच?" माझ्या मुलीने विचारले. "एका वर्षाला एकच?"

"होय ताई. आणि तेही जगेलच असं नाही."

धाकटा त्या वेळी डब्यातले उकडलेले अंडे सोलत होता. ते त्याने हळूच परत डब्यात ठेवले. आम्हाला हसू आले, पण त्याला नाही.

एवढ्यात वनरक्षकाने बोट ओठांवर ठेवले. समोरच्या पायवाटेवर पिवळ्या पायांचा एक पक्षी एक पंख जमिनीवर ओढत लंगडत चालला होता. त्याच्या चोचीजवळ पिवळी पाळी होती. धाकटा त्याला पकडायला उठला. "थांब," वनरक्षक म्हणाला, "काही मोडलेलं नाही. सोंग आहे ते. ही माळटिटवी. तू तिच्या मागे जावंस आणि तिच्या अंड्यांपासून लांब जावंस, एवढंच तिला हवंय." मग त्याने आम्हाला एका जागी उभे करून खाली पाहायला सांगितले. मला फक्त खडे दिसले. अब्बांनी आधी ओळखले. "चार," ते म्हणाले. बारीक खड्यांच्या कडेत चार अंडी, टोकदार बाजू आत वळवून, भाकरीचे चार तुकडे ताटात लावावेत तशी मांडलेली. उन्हाच्या दिवसांत ही टिटवी पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पिसांनी अंडी थंड ठेवते, असेही त्याने सांगितले. आम्ही लगेच मागे सरलो. टिटवी आल्या वाटेने अगदी ठणठणीत चालत परत आली आणि बसली.

मी अब्बांकडे पाहिले. डोळे पुसत होते. ऑपरेशननंतर पाणी येते, म्हणाले.

परतताना चौकीजवळ मला ओळीने लावलेली झाडे दिसली. गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात. मी कौतुकाने म्हणाले, "बरं झालं, थोडी तरी झाडं लावली आहेत." वनरक्षक गप्प झाला. मग म्हणाला, "मॅडम, हीच तर चूक झाली. माळावर अशी झाडं मागे खूप लावली गेली. आता ती काढायची म्हणतात. माळढोकाला लांबवर दिसावं लागतं. दुरून येणारा लांडगा, कुत्रा दिसला तर तो वेळेत हलतो. झाडं दाट झाली की त्याची नजर अडते. कावळ्यांना बसायला जागा होते. गवत मरतं. मग तो जागा सोडतो."

माझ्या पोटात गोळा आला. कारण चार वर्षांपूर्वी मीच आठवीच्या मुलांना घेऊन शहराबाहेरच्या एका माळावर वृक्षारोपण केले होते. तीनशे रोपे. बहुतेक गिरिपुष्पाची, कारण त्याला जनावरे फारशी तोंड लावत नाहीत आणि पाणी कमी लागते. मुलांनी घोषणा दिल्या, फोटो काढले, वर्तमानपत्रात शाळेचे नाव आले. भूगोलाच्या तासाला मी मुलांना लिहून दिले होते, "पडीक जमीन म्हणजे निरुपयोगी जमीन." उर्दूच्या तासाला त्याच जमिनीसाठी 'बंजर' हा शब्द दिला होता. दोन भाषांत शिकवते, आणि दोन्ही भाषांत मी त्या जमिनीला एकच शिवी दिली होती. ज्या पक्ष्याला झाडावर बसता येत नाही, त्याच्या जातीच्या घरात आम्ही भलेपणाने झाडे लावून आलो होतो.

माळढोकाच्या हालाचे कारण एवढे एकच नाही, हे इथे सांगायला हवे. पूर्वी त्याची भरपूर शिकार झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला बंदी झाली. १९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मिळून माळढोक अभयारण्य झाले, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचे. कागदावर एवढे मोठे, पण त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले. वनखात्याच्या ताब्यातले माळ मात्र त्यात इकडे-तिकडे विखुरलेले तुकडे. शेतकऱ्यांचे जमिनीचे व्यवहार अडकले आणि माणसे पक्ष्यावर रागावली. चौकीबाहेरच्या चहावाल्या चाचांनी आम्हाला तेच ऐकवले, "पाखराचं काय वाईट नव्हतं हो. पण माझ्या सातबाऱ्यावर तेच बसलं होतं ना!" त्यांचा राग मला खोटा वाटला नाही. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर पाणी आले होते, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षे आली होती, तारा-खांब आले होते.

तारांची गोष्ट वेगळीच आहे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उडताना त्याला खालची जमीन चांगली दिसते, पण नाकासमोरची बारीक तार वेळेवर दिसत नाही. आणि दिसली तरी एवढ्या वजनाने झटकन वळता येत नाही. राजस्थान-गुजरातच्या उरलेल्या माळांवर आता हाच सर्वांत मोठा धोका आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तिथल्या विजेच्या तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश दिला होता. २०२४ साली तो बदलून हा प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोपवला. सूर्याची वीजही हवी आणि पक्षीही हवा, हा पेच सोपा नाही.

१९६९ च्या सुमारास देशात माळढोक सुमारे १,२६० असावेत असा अंदाज होता. आता दीडशेच्याही आत आले आहेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानच्या जैसलमेर भागात. २०११ पासून जगाच्या यादीत त्यांची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे.

मुलीने गाडीत विचारले, "मग कोणी काही केलंच नाही का?"

केले. आपल्या मुंबईचे डॉ. सलीम अली, ज्यांना सारा देश पक्ष्यांचा माणूस म्हणून ओळखतो, त्यांनी माळढोकाला राष्ट्रीय पक्षी करावे असा आग्रह धरला होता. तो मान मिळाला असता तर गावागावांत लोकांनी त्याला जपले असते, हा त्यांचा हिशेब. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. पुढे १९८० च्या दशकात डॉ. असद रहमानी यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने माळढोकाचा मोठा अभ्यास केला. त्या अभ्यासाच्या जागांमध्ये आपले नान्नजही होते. आणि २०१९ पासून जैसलमेरजवळ सम इथे माळावरची अंडी काळजीपूर्वक उचलून यंत्रात उबवली जात आहेत. तिथे वाढलेल्या पक्ष्यांना पुढे पिल्लेही झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. पण पिल्ले वाढली तरी त्यांना सोडायला मोकळा माळ लागणार, आणि तो काही यंत्रात उबवता येत नाही.

येताना अब्बांनी एका वळणावर गाडी थांबवायला सांगितली. "यहींच," म्हणाले. खाली उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले. समोर द्राक्षबाग, तिच्या पलीकडे माळाचा एक पट्टा. बार्शीची बस धूळ उडवत गेली, तिच्याकडेही त्यांनी पाहिले नाही. दहा मिनिटे झाली. मला वाटले, निराश झाले असतील. गाडीत बसल्यावर म्हणाले, "जगह अभी है."

दुसऱ्या आठवड्यात शाळेत वृक्षारोपणाचे परिपत्रक आले. रोपे तयार होती, जागा तीच, शहराबाहेरचा माळ. मी मुख्याध्यापकांकडे गेले आणि घडलेले सगळे सांगितले. ते आधी वैतागले. "बाई, झाडं लावणं चूक आहे असं मी मुलांना सांगू?" मी म्हणाले, "सर, झाड चूक नाही, जागा चूक आहे." बरीच चर्चा झाली. शेवटी ठरले की कडुनिंब, जांभूळ आणि करंजाची रोपे शाळेच्या आवारात आणि रस्त्याच्या कडेला लावायची. मुलांना त्यांना घरून बाटलीभर पाणी आणून घालता येईल, हा त्यातला फायदा मुख्याध्यापकांनीच शोधला. आणि आठवीचा वर्ग माळावर जाईल तो खड्डे खणायला नाही, पाहायला.

आम्ही गेलो. चार वर्षांपूर्वीच्या तीनशे रोपांतली अकरा जगली होती. त्यांच्या सावलीत गवत नव्हते. मुलांना वह्या दिल्या आणि मथळा लिहायला सांगितला, "पडीक जमिनीवर कोण कोण राहते?" त्यांना अट एकच होती, जिथे टिटवी ओरडेल तिथून मागे फिरायचे. दोन तासांत त्यांनी सव्वीस नावे लिहिली. चंडोल, तित्तर, टिटवी, सरडा, मुंगूस, नाकतोड्याचे तीन प्रकार, लाल मखमली किडा, ज्याला आपण मृगाचा किडा म्हणतो, खोकडाचे बीळ, आणि एक धनगर आजोबा, त्यांच्या चाळीस मेंढ्यांसह. त्यांनाही मुलांनी यादीत घेतले, कारण ते तिथेच राहतात. एका मुलाने मथळ्यातला 'पडीक' शब्द खोडून 'माळाची' असे लिहिले आणि मला विचारले, "टीचर, चालेल ना?" मी म्हणाले, चालेल. मग साऱ्या वर्गाने खोडले.

ती यादी मी घरी आणली. अब्बांनी चष्मा न लावता सगळी वाचली.

"माळढोक?" त्यांनी विचारले.

"दिसला नाही ना, अब्बा. दिसलं तेवढंच लिहायचं, असं मी मुलांना सांगितलं होतं."

"बरोबर सांगितलंस," ते म्हणाले. मग वही माझ्याकडे परत देताना सव्विसाव्या नावाखाली बोट ठेवले. "यहाँ एक लाइन खाली रखो."

ती ओळ मी मोकळी ठेवली आहे.